बाथरूमचा पंखा, डक्ट आणि बेसमेंट : बिल्डिंग कोडमधलं मेकॅनिकल व्हेंटिलेशन पहिल्यांदाच समजून घेताना

नवीन फ्लॅटचा ताबा मिळतो, पहिला पावसाळा येतो आणि जुलै संपता संपता बाथरूमच्या सीलिंगवर काळे ठिपके दिसायला लागतात, मग पेंटर येतो, बुरशीचा प्रायमर मारून जातो आणि पुढच्या जुलैत ठिपके परत हजर. दरवर्षी ओळखीतले दोन-तीन जण तरी मला हाच फोटो पाठवतात आणि विचारतात, कुठला पेंट घेऊ? पेंटचा प्रश्नच नाहीये हो तो. ओली हवा बाहेर जात नाहीये, एवढंच झालंय. ती किती जायला हवी, कुठून जायला हवी, त्यासाठी पंखा कधी लागतो हे सगळं नियमात लिहिलेलं आहे, पण ते इतकं विखरून लिहिलंय की नवीन माणूस पहिल्या दोन पानांतच पुस्तक मिटतो.

मी इमारतींच्या मेकॅनिकल सर्व्हिसेसची ड्रॉइंग करतो, म्हणजे पंखे, डक्टिंग, पाइप हेच रोजचं काम. खाली लिहिलंय ते फ्लॅट घेणाऱ्यांसाठी, रिनोव्हेशन काढणाऱ्यांसाठी आणि सोसायटीच्या कमिटीवर नव्याने गेलेल्यांसाठी आहे. एक शब्द आधी स्पष्ट करतो. आपण बोलताना "डक्ट" म्हणतो ती दोन बाथरूमच्या मधली तळापासून गच्चीपर्यंत गेलेली उभी मोकळी जागा, जिथून ड्रेनेजचे पाइप जातात. कागदावर तिला व्हेंटिलेशन शाफ्ट म्हणतात. मी डक्टच म्हणणार आहे.

आधी पुस्तक कुठलं ते ठरवा

नॅशनल बिल्डिंग कोड, म्हणजे एनबीसी, हा भारतीय मानक ब्युरो काढतं. पहिला १९७० चा, मग १९८३, २००५ आणि २०१६ ला सुधारलेला. हा नमुना कोड आहे. तो आपोआप कायदा होत नाही, राज्य किंवा महापालिका आपल्या नियमावलीत त्यातलं जे घेते ते बंधनकारक होतं. आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या हद्दीत डीसीपीआर २०३४ ही विकास नियंत्रण नियमावली चालते, आणि काही वगळलेले भाग सोडले तर उरलेल्या महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर ही एकत्रित नियमावली, म्हणजे पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर सगळे एकाच पुस्तकाखाली आले. आगीच्या बाबतीत २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा वेगळा आहे, बेसमेंटकडे आलो की त्याची गरज पडेल.

म्हणून पहिलं काम हे की तुमची इमारत कुठल्या नियमावलीखाली आणि कुठल्या साली मंजूर झाली ते बघा. सँक्शन प्लॅनवर तारीख असते. १९९५ च्या बिल्डिंगला २०२० चं पुस्तक दाखवून भांडण्यात अर्थ नाही, पण रिनोव्हेशन करताना आजचे आकडे पाळायला कोणी अडवत नाही आणि पाळावेतच. मी खाली आकडे एनबीसीचे देतोय कारण बाकीच्या नियमावल्या बऱ्याचशा त्याच धर्तीवर आहेत, तुमच्या शहराच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर शेवटचा शब्द त्याचा.

एनबीसीत हा विषय एका जागी सापडत नाही हे लक्षात ठेवा. खोल्यांची मापं, खिडक्या, डक्टचं टेबल हे भाग ३ मध्ये. नैसर्गिक उजेड-वारा भाग ८ च्या विभाग १ मध्ये, एसी आणि मेकॅनिकल व्हेंटिलेशन, म्हणजे पंख्यांनी हवा खेळवणं, भाग ८ च्या विभाग ३ मध्ये. धूर आणि आग भाग ४ मध्ये. मला सुरुवातीला हे माहीत नव्हतं, एकच भाग वाचून मी उत्तर शोधत बसायचो.

दुसरं काम, खिडक्या मोजा

पंख्याचा विचार खिडकीनंतर येतो, कारण कोडची मांडणीच तशी आहे, आधी नैसर्गिक वारा, तो कमी पडला की यंत्र. खोलीच्या फरशीच्या क्षेत्रफळाच्या किती हिस्सा उघडं असावं हे हवामानावर ठरतं. कोरड्या उष्ण भागात एक दशांश, दमट उष्ण भागात, म्हणजे मुंबई, कोकण, गोवा, एक षष्ठांश, मधल्या हवामानात एक अष्टमांश आणि थंड भागात एक द्वादशांश.

दहा बाय बाराची बेडरूम घ्या, १२० चौरस फूट. मुंबईत तिला २० चौरस फूट उघडं हवं. पाच बाय चारची खिडकी बरोबर २० भरते, छान वाटतं. पण ती दोन पाटांची स्लायडिंग असेल तर प्रत्यक्षात एका वेळी अर्धीच उघडते. एनबीसीचा जुना हिशोब चौकटीसकट अख्ख्या खिडकीचा आहे, पण २०१८ साली घरांसाठी जो ऊर्जा कोड आला, इको निवास संहिता, त्याने हा फरक नीट पकडला. दोन पाटांच्या स्लायडिंगचा ५० टक्के भागच धरायचा, तीन पाटांच्या स्लायडिंगचा ६७, आणि बिजागरीवर पूर्ण उघडणाऱ्या खिडकीचा ९० टक्के. दमट उष्ण भागासाठी त्यातही १६.६६ टक्के म्हणजे तोच एक षष्ठांश, मात्र खरोखर उघडणारा. मला हा हिशोब जास्त प्रामाणिक वाटतो. नवीन घर बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा आणि उघडणारा भागच मोजा, फक्त इको निवास संहितेत बाल्कनीचं दारही हिशोबात येतं, एनबीसीत दारं वगळलेली आहेत, तेवढं लक्षात असू द्या.

अजून एक आकडा, खिडकीपासून ७.५ मीटरपेक्षा लांब असलेला खोलीचा भाग कोड उजेडाच्या हिशोबात धरतच नाही. लांबट हॉलच्या आतल्या टोकाला जे डायनिंग येतं ना, तिथे हा प्रश्न असतो.

किचनला किमान १ चौरस मीटरची खिडकी हवी आणि ती मोकळ्या जागेत उघडायला हवी, डक्टमध्ये नाही. हे वाक्य दोनदा वाचा. रिनोव्हेशनमध्ये किचन आतल्या बाजूला सरकवून जुन्या किचनची बेडरूम करतात तेव्हा नेमका हाच नियम मोडतो.

तिसरं, बाथरूमचं व्हेंटिलेटर आणि डक्ट

बाथरूम-संडासला मात्र डक्टमध्ये उघडायची मुभा आहे. व्हेंटिलेटर किमान ०.३ चौरस मीटर आणि कुठलीही बाजू ०.३ मीटरपेक्षा कमी नको. आपल्याकडे सर्रास दिसतं ते दोन फूट बाय दीड फुटाचं व्हेंटिलेटर, त्याचं क्षेत्रफळ येतं साधारण ०.२८. थोडक्यात हुकतं. मग त्यात अर्ध्या भागात एक्झॉस्ट फॅन बसतो, उरलेल्या अर्ध्यात न उघडणारी काच, म्हणजे पंखा बंद असेल तेव्हा हवेला वाट जवळजवळ शून्य. व्हेंटिलेटरमध्येच पंखा बसवायचा असेल तर उरलेल्या भागात उघड्या पट्ट्यांचं लूव्हर ठेवा, फिक्स काच नको.

आता डक्ट. इमारत जितकी उंच तितकी डक्ट मोठी लागते. १० मीटर उंचीपर्यंत १.२ चौरस मीटर आणि कमीत कमी बाजू ०.९ मीटर. १८ मीटरपर्यंत ४ चौरस मीटर, बाजू दीड मीटर. २४ पर्यंत ५.४ आणि १.८ मीटर. ३० पर्यंत ८ चौरस मीटर, बाजू २.४ मीटर. त्याच्या वर ९ चौरस मीटर आणि बाजू ३ मीटर. ३० मीटर म्हणजे साधारण दहा मजले.

याच टेबलाखाली बारीक अक्षरात जी टीप आहे ती या सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. इमारत ३० मीटरच्या वर गेली की एवढी डक्ट तर हवीच, शिवाय मेकॅनिकल व्हेंटिलेशन सिस्टिमही बसवायला हवी. "शिवाय" हा शब्द बघा. डक्ट आहे म्हणून पंखा नको किंवा पंखा आहे म्हणून डक्ट छोटी चालेल, दोन्ही अर्थ चूक. सूट आहे ती लॉजिंगसाठीच्या पूर्ण वातानुकूलित निवासी इमारतीला, आणि तिथेही अट अशी की एसी यंत्रणा अखंड चालली पाहिजे आणि विजेची पर्यायी सोय पाहिजे. चार बेडरूमला चार स्प्लिट एसी लावले म्हणजे ती सूट मिळत नाही.

आमच्या सोसायटीचं सांगतो. अकरा मजले, म्हणजे ३३ मीटरच्या आसपास. डक्टचं माप कागदावर बरोबर. तरी पाचव्या-सहाव्या मजल्यापासून वर सगळ्यांकडे कुबट वास, कोणाच्या बाथरूममध्ये कोणाच्या तरी संडासाचा वास. गच्चीवर जाऊन बघितलं तर पावसाचं पाणी डक्टमध्ये येतं म्हणून आधीच्या एका कमिटीने वरून पॉलीकार्बोनेटचा पत्रा ठोकून तोंड बंद केलेलं, चारही बाजूंनी सील. कोणाचा हेतू वाईट नव्हता, तळमजल्यावाल्यांच्या इथे खरंच पाणी साचायचं. पण डक्ट चालते ती गरम हलकी हवा वर चढून बाहेर पडते म्हणून, वरचं तोंड बंद केलं की ती नुसती भिंतीतली पेटी होते आणि अकरा मजल्यांचे पंखे त्या पेटीत हवा ढकलत बसतात. जो पंखा बंद असेल त्याच्यातून ती हवा उलटी आत येते. आम्ही पत्रा काढला नाही, तो चारही बाजूंनी दीड-दोन फूट उचलला, खाली जाळी लावली आणि तळाला पाण्याला उतार करून दिला. आठ दिवसांत फरक कळला.

जाळी कबुतरांसाठी लागतेच, पण बारीक मच्छरजाळी लावू नका, वर्षभरात धूळ आणि पिसांनी ती पूर्ण बुजते. आणि खाली वाकून बघा, कोणी डक्टमध्ये मधेच स्लॅब किंवा लोखंडी फ्रेम टाकून स्टोअर रूम केलीय का. खालच्या मजल्यांवर हे फार सापडतं. ती जागा त्या एका फ्लॅटची नाही, सगळ्या मजल्यांच्या हवेची वाट आहे, आणि त्यासाठी भांडायची वेळ आली तर भांडलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथं, पंखा किती मोठा ते काढा

इथे एक कल्पना समजली की बाकीचं सोपं आहे. एअर चेंज पर अवर, म्हणजे तासाभरात खोलीतली सगळी हवा किती वेळा बदलली. बेडरूमला २ ते ४, बसायच्या खोलीला ३ ते ६, बाथरूमला ६ ते १० असे आकडे या कामात धरतात.

बाथरूम पाच फूट बाय आठ फूट, उंची नऊ फूट धरा. ३६० घनफूट झाले. तासाला ८ वेळा बदलायची तर २,८८० घनफूट, भागिले ६०, मिनिटाला ४८ घनफूट. हे जे "मिनिटाला घनफूट" त्यालाच सीएफएम म्हणतात. अमेरिकेत राहणारे आपले लोक हे वाचत असतील तर त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल, तिकडच्या घरांसाठीच्या आश्रे ६२.२ (आश्रे ही एसी-व्हेंटिलेशनच्या इंजिनिअरांची अमेरिकन संस्था, ६२.२ हे तिचं मानक) मध्ये लागेल तेव्हा चालवायच्या बाथरूम फॅनला ५० सीएफएमच मागितलेत. आपल्याकडे पंख्याच्या खोक्यावर मात्र बहुतेक वेळा तासाला घनमीटर लिहिलेलं असतं. ४८ सीएफएमचे ते होतात साधारण ८२. सीएफएमला १.७ ने गुणा, झालं.

मग दुकानात जाऊन सहा इंची पंखा बघितला तर खोक्यावर २०० च्या वर आकडा दिसतो आणि वाटतं बापरे, दुपटीपेक्षा जास्त. तिथेच चूक होते. तो आकडा पंखा मोकळ्या हवेत, समोर काहीही अडथळा नसताना मोजलेला असतो. साधा पात्यांचा पंखा थेट भिंतीतून बाहेर फेकत असेल तर त्यातला बराचसा मिळतो, पण त्याच पंख्याला फॉल्स सीलिंगच्या वर आठ-दहा फूट लवचीक पाइप जोडला, दोन वळणं दिली, शेवटी चार इंची पाइपात कोंबला, तर हवा नावापुरती जाते आणि आवाज तेवढा येतो. पाइपातून हवा न्यायची असेल तर त्यासाठी बनवलेला इनलाइन किंवा ब्लोअर टाइप पंखा घ्या, पाइप पंख्याच्या तोंडाएवढाच ठेवा, शक्यतो पीव्हीसीचा सरळ पाइप वापरा आणि बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या म्हणजे आत साठलेलं पाणी पंख्यात परत येत नाही. लवचीक पाइप वापरावाच लागला तर ताणून लावा, सुरकुत्या राहिल्या तर अर्धी ताकद तिथेच जाते.

पंख्याच्या बाहेरच्या तोंडाला आपोआप मिटणाऱ्या झडपा हव्यात. पन्नास-शंभर रुपयांसाठी ते सोडू नका, डक्टमधला वास आणि झुरळं आत येतात ती इथूनच.

आणि पाइपाचं दुसरं टोक बाहेर आहे याची डोळ्यांनी खात्री करा. मी अशी तीन घरं बघितलीत जिथे पंखा फिरतोय, आवाज येतोय, आणि पाइप फॉल्स सीलिंगच्या वर तसाच उघडा सोडलेला. सगळी वाफ सीलिंगच्या वर जाऊन स्लॅबला लागते. पीओपीवाला आणि इलेक्ट्रिशियन वेगवेगळ्या दिवशी येतात, पाइप जोडायचं काम कोणाचं हे ठरलेलं नसतं, म्हणून होतं हे. सीलिंग बंद करायच्या आधी स्वतः स्टुलावर चढून फोटो काढा.

पाचवं, आत येणारी हवा

एवढं सगळं करून पंखा चालत नाही असं जेव्हा लोक म्हणतात तेव्हा मी आधी बाथरूमचं दार बघतो. हल्ली दाराला खालून रबराची पट्टी असते, किंवा ग्रॅनाइटचा उंबरा आणि दार अगदी बसतं. पंखा बाहेर फेकणार तेवढीच हवा आत यायला हवी ना, ती येणार कुठून? तासाला ८२ घनमीटर हवा पाऊण मीटर रुंद दाराखालच्या १ सेंटिमीटर फटीतून यायची तर तिला सेकंदाला ३ मीटरच्या वेगाने घुसावं लागतं, साध्या पंख्याला ते जड जातं. फट २ सेंटिमीटर केली की वेग निम्मा होतो. म्हणून दार खालून दोन सेंटिमीटर तासून घ्या नाहीतर दाराच्या खालच्या भागात लूव्हर बसवा. जुन्या बाथरूमच्या दारांना खाली तिरक्या पट्ट्या असायच्या त्या याचसाठी, आपण त्या जुनाट दिसतात म्हणून काढून टाकल्या.

हवा आत येते त्याच्या समोरच्या टोकाला आणि शक्य तितका उंच पंखा लावा, म्हणजे हवा अख्खी खोली ओलांडून जाते. दाराच्या वरच पंखा लावला तर दारातून आलेली हवा तिथल्या तिथे बाहेर जाते आणि शॉवरचा कोपरा ओलाच राहतो.

बाहेरून हवा मिळाली नाही की पंखा दुसऱ्या वाटा शोधतो. फारसा न वापरलेल्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपचं (फरशीतल्या जाळीखाली वास अडवायला पाणी धरून ठेवणारं वळण) पाणी उन्हाळ्यात आटतं, तिथून ड्रेनेजचा गॅस सरळ खेचला जातो. महिनाभर गावाला जाऊन आलात आणि पंखा लावल्यावरच वास येतोय असं झालं तर आधी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता.

आता गॅस गीझर. हे मी शांतपणे लिहू शकत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावू नका, पंखा असला तरी नको. जळायला ऑक्सिजन तोच खातो, तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही, माणसाला गुंगी येते आणि दाराची कडी काढायचंही भान राहत नाही. एक्झॉस्ट फॅन लावला आणि आत हवा यायची सोय नसली तर गीझरच्या नळकांड्यातून वर जाणारा धूर पंखा उलटा खोलीत खेचतो, म्हणजे सुरक्षेसाठी लावलेला पंखाच धोका वाढवतो. गीझर बाहेर ड्राय बाल्कनीत किंवा उघड्या गॅलरीत लावा, तिथून गरम पाण्याचा पाइप आत घ्या. आणि ती ड्राय बाल्कनी पुढे काचेने बंद करू नका. भाड्याच्या घरात आधीपासून आत लावलेला असेल तर मालकाला आजच सांगा.

सहावं, किचन आणि एसीच्या खोल्या

चिमणीबद्दल थोडक्यात. पाइप नसलेली, कार्बन फिल्टरवाली चिमणी तेल आणि वास थोडा पकडते, पण उष्णता, वाफ आणि गॅस जळून तयार झालेले वायू परत किचनमध्येच सोडते, म्हणजे व्हेंटिलेशनच्या हिशोबात ती शून्य. पाइपवाली घ्या, सहा इंची पाइप, कमीत कमी वळणं, आणि तोंड बाहेर मोकळ्यावर. बाथरूमच्या डक्टमध्ये ते सोडू नका, तेलकट थर डक्टमधल्या पाइपांवर बसतो आणि आग लागली तर तो थर ती वर नेतो. चिमणी चालू असताना किचनची खिडकी किंवा शेजारच्या खोलीचं दार थोडं उघडं ठेवा, कारण तेच, आत येणारी हवा. बाथरूमच्या पंख्यापेक्षा चिमणी कितीतरी पट जास्त हवा खेचते, म्हणून तिला फट पुरत नाही.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. बाहेरचं युनिट आणि आतलं युनिट यांच्यात फक्त गॅसचे पाइप असतात, आतली हवाच फिरून थंड होते. दोघं-तिघं रात्रभर बंद खोलीत झोपले की सकाळी डोकं जड होतं त्याचं हे एक कारण. खिडकीला बोटभर फट ठेवा, किंवा संलग्न बाथरूमचा पंखा हळू चालू ठेवून खोलीत ताजी हवा खेचू द्या.

फ्लॅटमध्ये किंवा गाळ्यात ऑफिस काढणार असाल तर हिशोब बदलतो. तिथे माणसं आणि क्षेत्रफळ दोन्ही मोजतात, आश्रे ६२.१ प्रमाणे ऑफिसला माणशी ५ सीएफएम अधिक चौरस फुटाला ०.०६ सीएफएम. एक हजार चौरस फूट आणि दहा माणसं, तर ५० अधिक ६०, ११० सीएफएम ताजी हवा. एवढी हवा आणायची सोय ड्रॉइंगमध्ये कुठे दाखवलीय हे इंटिरिअरवाल्याला विचारा, फक्त एसीचे टन सांगितले तर ते उत्तर नव्हे.

सातवं, बेसमेंट पार्किंग, आणि इथे कमिटीने जागं व्हावं

बेसमेंटला नैसर्गिक वाऱ्यावर ठेवायचं असेल तर कोड फरशीच्या २.५ टक्के एवढी मोकळी तोंडं मागतो, तीही चहूबाजूंनी सारखी पसरलेली. हजार चौरस मीटरच्या पार्किंगला २५ चौरस मीटर. बऱ्याच ठिकाणी एवढं जमत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमेंटला तर शक्यच नसतं, म्हणून पंखे येतात. २०१६ च्या कोडप्रमाणे रोजच्या वापराला तासाला ६ वेळा आणि आगीच्या वेळी १२ वेळा हवा बदलायची. हजार चौरस मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे ३,००० घनमीटर, रोजचे १८,००० घनमीटर तासाला आणि आगीत ३६,०००. धूर ओढणारे हे पंखे २५० अंश सेल्सिअस तापमानात १२० मिनिटं चालत राहायला हवेत, वायरिंग आणि बॅकअप वीजही तशीच हवी, आणि डिटेक्टर किंवा स्प्रिंकलर सुरू झाला की ते आपोआप पूर्ण वेगाने सुरू व्हायला हवेत.

प्रत्यक्षात बऱ्याच सोसायट्यांत काय होतं, विजेचं बिल वाचवायला बेसमेंटचे पंखे मेन स्विचलाच बंद करून ठेवतात. मला बिलाची चिंता कळते, मी पण मेंटेनन्स भरतो. पण स्विच बंद असला की आगीच्या वेळी फायर अलार्मच्या पॅनेलने कितीही हुकूम दिला तरी पंखा उठत नाही. बिल कमी करायचं असेल तर कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर बसवा, गाड्यांचा धूर वाढला की पंखे चालू, नाहीतर बंद किंवा हळू, आणि पॅनेलचा फायर मोड मात्र कायम जिवंत. २५० अंशाच्या पंख्याच्या जागी बदलताना साधा स्वस्त पंखा तर कोणी बसवला नाही ना हेही नेमप्लेट वाचून बघा, मोटर जळाल्यावर घाईत हे होतं.

जिन्याचा पंखा वेगळा असतो, तो हवा बाहेर काढत नाही, आत भरतो. उंच इमारतीत जिन्यात साधारण ५० पास्कल जास्त दाब ठेवायचा म्हणजे दार उघडलं तरी धूर जिन्यात शिरत नाही. त्यामुळे जिन्याचं फायर डोअर वीट लावून उघडं ठेवलं तर तो पंखा असून नसल्यासारखा.

वर सांगितलेल्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे लायसन्स असलेल्या एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचा असतो. तो नुसता सहीचा कागद होऊ देऊ नका. एजन्सी आली की कमिटीतल्या कोणीतरी सोबत फिरा, बेसमेंटमधला डिटेक्टर टेस्ट करायला लावा, पंखे आपोआप सुरू होतात का, किती सेकंदांत होतात, मेन वीज बंद करून जनरेटरवर होतात का, हे डोळ्यांनी बघा आणि तारखेसकट वहीत लिहा.

घरच्या घरी तपासणी

उपकरण लागत नाही. बाथरूमचं दार आणि खिडकी बंद करा, पंखा लावा, टिश्यू पेपरचा एक पातळ पदर जाळीला लावून सोडा. चिकटून राहिला तर हवा जातेय. पडला तर दार इंचभर उघडून परत लावा, आता चिकटला तर तुमचा पंखा चांगला आहे, दाराखाली फट नाही. तरीही पडला तर पाइप किंवा झडप अडकलीय. मग पंखा बंद करून अगरबत्ती जाळीजवळ धरा, धूर आत ढकलला जात असेल तर डक्टमधून उलटी हवा येतेय, झडप बदला आणि गच्चीवर जाऊन डक्टचं तोंड बघा. अंघोळीनंतर पंखा किमान वीस मिनिटं चालू राहू द्या, लक्षात राहत नसेल तर टायमरचा स्विच लावून घ्या. पावसाळ्यात आरसा किती वेळात कोरडा होतो ते बघा, पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून, मग फट केल्यावर परत एकदा.

नवीन बिल्डिंगमध्ये ताबा घेऊन पाच वर्षं झाली नसतील आणि डक्ट मंजूर प्लॅनपेक्षा लहान निघाली किंवा प्लॅनमधला पंखा, पाइप जागेवर नसेल, तर बिल्डरला लेखी पत्र द्या. रेरा कायद्यात बांधकामातले आणि सेवांमधले दोष ताब्यापासून पाच वर्षांत कळवले तर ते तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायची जबाबदारी त्याच्यावर आहे. पत्रात "वास येतो" एवढंच लिहू नका. डक्टची दोन्ही मापं, इमारतीची उंची, मंजूर प्लॅनमधलं माप आणि टेप दिसेल असा फोटो जोडा.